दोन टक्के कुणाचे?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या यजमानांना एका पावसाळी रात्री पोटात असह्य कळा सुरू झाल्या. ते टेम्पो चालवतात. रिक्षात घालून त्यांना जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. आतड्याला पीळ पडला होता. पहाटे ऑपरेशन झालं आणि माणूस वाचला. डॉक्टरांचं काम चोख होतं, त्यांचं नाव निघालं की मावशी आजही हात जोडतात. पण ऑपरेशनच्या आधी काउंटरवर साठ हजारांचं डिपॉझिट भरायला सांगितलं होतं. दिराकडून, बहिणीकडून, टेम्पोच्या मालकाकडून रातोरात चाळीस जमले. उरलेल्या वीससाठी सकाळी सराफाचं दुकान उघडायची वाट बघत मावशी पायरीवर बसल्या आणि गंठण गहाण टाकून आल्या. सहाव्या दिवशी हातात आलेलं बिल होतं एक लाख शहाऐंशी हजारांचं.

ते रुग्णालय एका सार्वजनिक न्यासाचं आहे, म्हणजे धर्मादाय. तिथे गरिबांसाठी राखीव खाटा असतात हे मावशींना चौथ्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाकडून. त्या सोशल वर्करच्या खोलीत गेल्या. तिथे उत्पन्नाचा दाखला मागितला. रेशनकार्ड गावी, दाखला तालुक्याला, मधे शनिवार-रविवार. दाखला हातात येईपर्यंत डिस्चार्जची वेळ झाली होती आणि उत्तर मिळालं, ‘ॲडमिट करतानाच सांगायला हवं होतं.’ शेवटी कुणीतरी रदबदली केली आणि बिलातून पंधरा हजार कमी झाले. बिलाच्या तळाशी शब्द छापलेले होते : ‘व्यवस्थापनाकडून विशेष सवलत’.

मावशी मला म्हणाल्या, “आम्हाला कुणी इचारलंच न्हाई ताई. आन् आम्हाला ठावं नव्हतं.”

हा लेख त्या दोन वाक्यांबद्दल आहे, आणि बिलाच्या तळाशी छापलेल्या त्या ‘विशेष सवलत’ या शब्दांबद्दल. कारण जे कायद्याने देणं लागतं त्याला सवलत म्हणणं मला मान्य नाही.

आधी कायदा काय आहे ते पाहू, कारण तो चांगला आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 यात 41 कक नावाचं कलम आहे. त्याच्या आधारे 2004 साली मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका झाली, 17 ऑगस्ट 2006 रोजी न्यायालयाने एक तपशीलवार योजना मंजूर केली आणि 1 सप्टेंबर 2006 पासून ती राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना लागू झाली. अशी रुग्णालयं राज्यात चारशेहून अधिक आहेत. मुंबई-पुण्यातली कित्येक नामांकित, पंचतारांकित दिसणारी रुग्णालयं त्यांत मोडतात. त्या प्रत्येकाने चालू खाटांपैकी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. आता वर्षाला 1,80,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब निर्धन आणि 3,60,000 पर्यंतचं दुर्बल घटक धरलं जातं. मावशींचं घर या दुसऱ्या गटात अगदी आरामात बसतं.

योजनेचे बारकावे तर आणखी महत्त्वाचे. या रुग्णांना खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टरांची सेवा, चादरी, वीज-पाणी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचेच नाहीत. ज्या सेवांचं बिल होतं ते सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने. औषधं, इतर साहित्य आणि शरीरात बसवायची उपकरणं रुग्णालयाला ज्या भावाने पडली त्या भावाने, छापील किमतीला नाही. निर्धन रुग्णाच्या नावावरचं उरलेलं सगळं बिल एका वेगळ्या निधीतून वळतं करायचं. आणि तातडीचा रुग्ण दारात आला तर त्याला लगेच दाखल करून जीव वाचवणारे उपचार सुरू करायचे, त्याच्याकडून डिपॉझिट मागायचं नाही. हे 2006 मधलं वाक्य आहे. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात एका गर्भवती स्त्रीच्या मृत्यूनंतर डिपॉझिटचा प्रश्न राज्यभर पेटला, तेव्हा अनेकांना वाटलं की यावर आता नवा नियम हवा. नियम एकोणीस वर्षांपूर्वीपासून होता.

आता त्या वेगळ्या निधीकडे येते, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात, रुग्णालयातले लोक ‘आयपीएफ’ म्हणतात. निर्धन आणि दुर्बल घटकांतले रुग्ण सोडून बाकी सर्वांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम, कसलीही वजावट न करता, या खात्यात टाकायची असते. म्हणजे तुम्ही आम्ही, विमा असलेले किंवा पदरचे पैसे भरणारे, अशा रुग्णालयात एक लाखाचं बिल चुकतं करतो तेव्हा त्यातले दोन हजार एखाद्या निर्धन माणसाच्या उपचारांसाठी बाजूला पडतात किंवा पडायला हवेत. वर्षाला शंभर कोटींचं बिलिंग करणाऱ्या रुग्णालयात हे दोन कोटी होतात.

हे वाचताना मला जुन्या बाजारपेठेतली एक चाल आठवते. अडत्याच्या पट्टीत, व्यापाऱ्याच्या बिलात हमाली-तोलाईच्या खाली ‘धर्मादाय’ अशी एक ओळ असायची. गिऱ्हाइकाकडून दर व्यवहारामागे आणे-पैसे घ्यायचे आणि ते पाणपोई, धर्मशाळा, गोशाळा अशा कामी लावायचे. हा पैसा व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडायचा, पण तो त्याचा नसायचा. आणि हे केवळ रीतीभातीवर सोडलेलं नाही. याच 1950 च्या कायद्याचं 54 वं कलम या ‘धर्मादा’बद्दल आहे. ते सांगतं की धंद्याच्या रिवाजानुसार धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम आकारली किंवा गोळा केली जाते, ती गोळा करणाऱ्याकडे विश्वस्त म्हणून राहते. मालक म्हणून नाही. निर्धन रुग्ण निधी हा कायद्याच्या भाषेत वेगळ्या कलमातून आलेला आहे हे मला माहीत आहे. पण त्याचा आत्मा हाच आहे. देणारा एक, घेणारा दुसरा, आणि मधला जो आहे तो राखणदार.

म्हणूनच ‘व्यवस्थापनाकडून विशेष सवलत’ हे शब्द मला लागले. व्यवस्थापनाने स्वतःच्या खिशातून काही दिलं नव्हतं, दुसऱ्यांनी ठेवायला दिलेल्या ठेवीतून थोडंसं काढून त्यावर स्वतःचं नाव घातलं होतं.

आणि दोन टक्के ही ठेवीची फक्त एक पुरचुंडी. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेला आयकरात सूट मिळते. अनेकांना शासनाकडून नाममात्र दराने जमीन मिळाली, वाढीव चटईक्षेत्र मिळालं. एक काळ असा होता की परदेशातून यंत्रं आणताना सीमाशुल्कही माफ होतं. 1988 च्या त्या केंद्रीय अधिसूचनेत अट होती की बाह्यरुग्णांपैकी 40 टक्क्यांना मोफत तपासायचं आणि महिना पाचशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी 10 टक्के खाटा ठेवायच्या. यंत्रं आली, अटी किती ठिकाणी पाळल्या गेल्या हा प्रश्न पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दिल्लीतही सवलतीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या खासगी रुग्णालयांनी 10 टक्के आंतररुग्ण आणि 25 टक्के बाह्यरुग्ण मोफत पाहावेत, या अटीवर सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या जुलैमध्ये शिक्कामोर्तब केलं. जमीन सगळ्यांची असेल तर तिच्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत सगळ्यांचा काहीतरी हिस्सा असतो, इतका साधा हिशेब त्यामागे आहे.

मग घोडं अडतं कुठे? रुग्णालयांशी बोललं की पहिलं उत्तर येतं : ‘खाटा आहेत, रुग्णच येत नाहीत.’ मला हे उत्तर खोटं वाटत नाही, आणि म्हणूनच ते गंभीर वाटतं. रुग्ण येत नाहीत, कारण आल्यावर ते रुग्ण म्हणून येतात, ‘योजनेचे लाभार्थी’ म्हणून येत नाहीत. रात्री दोन वाजता पोट धरून आलेल्या माणसाला कलम 41 कक माहीत असावं ही अपेक्षाच चुकीची आहे. आजची सगळी रचना मागणाऱ्याला मिळेल या तत्त्वावर उभी आहे. पण मागायला आधी माहीत असावं लागतं, मग बोलायचं धाडस लागतं, मग कागद लागतात, आणि एवढं करून ‘आज दहा टक्क्यांतला बेड शिल्लक नाही’ असं उत्तर आलं तर ते खरं की खोटं हे विचारायला ओळख लागते. या चारही गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो माणूस बहुधा फारसा गरीब नसतो. म्हणजे चाळण उलटी लागलेली आहे. ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो पहिल्याच जाळीतून खाली गळून पडतो.

ओळखीचं तर विचारूच नका. राज्यात कुठेही बघा, नगरसेवकाच्या, आमदाराच्या कार्यालयात सकाळी जी रांग असते तिच्यात बिल कमी करण्याची चिठ्ठी मागायला आलेले नातेवाईक हमखास भेटतात. चिठ्ठी देणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यातले कित्येकजण मध्यरात्री फोन उचलतात आणि माणसं वाचवतात. मात्र ज्या गोष्टीसाठी कायदा आहे तिच्यासाठी चिठ्ठी लागते तेव्हा हक्काचं उपकारात रूपांतर होतं, आणि उपकार घेतलेला माणूस पुढे पाच वर्षं तो फेडत राहतो. ज्याच्या वॉर्डात असा माणूस नाही किंवा जो कालच मराठवाड्यातून कामासाठी आला आहे, ज्याचं मतदान गावाकडे आहे, त्याला चिठ्ठी कोण देणार?

दाखल्याचंही तसंच. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो. त्याआधी तलाठ्याकडे खेटे, सेतू केंद्रात अर्ज, कधी स्वयंघोषणापत्र, कधी शेजाऱ्यांचा पंचनामा. शाळेच्या प्रवेशाला हे चालतं, कारण जूनला शाळा उघडते हे सगळ्यांना माहीत असतं. आतड्याला पीळ पडण्याची तारीख आधी कळत नाही. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड ग्राह्य धरलं जातं, पण स्थलांतरित कुटुंबाचं कार्ड गावातल्या घरी सासूच्या ट्रंकेत असतं. आज रेशनकार्डाची नोंद ऑनलाइन आहे. दुकानदार अंगठा घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला धान्य देऊ शकतो. मग रुग्णालयातल्या संगणकावर तेच कार्ड का दिसू नये? रुग्णाने सहीनिशी उत्पन्न सांगावं, उपचार सुरू व्हावेत, पडताळणी शासनाने मागाहून करावी आणि खोटं निघालं तर पूर्ण बिल वसूल करावं. संशयाचा भार आजारी माणसाच्या छातीवर ठेवायचं कारण नाही.

इथे कुणी म्हणेल, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे की. आहे, आणि मी तिची टीकाकार नाही. 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेने राज्यातल्या लाखो माणसांची हृदयं, मूत्रपिंडं आणि संसार वाचवले आहेत. 2024 पासून तर पांढऱ्या कार्डासह सगळे रेशनकार्डधारक तिच्यात आले, संरक्षण कुटुंबामागे 5 लाखांचं झालं, उपचारांची यादी 1356 वर गेली. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, तो कागद समजावून सांगतो. ही कल्पना फार मोलाची आहे. पण यादी ही यादी असते. आजार तिच्यात बसायला हवा, रुग्णालय योजनेत असायला हवं, आणि शहरांतली सगळी मोठी रुग्णालयं काही त्यात नाहीत. राज्य कामगार विम्याची मर्यादा महिना 21,000 रुपये पगाराची, आणि तीही नोंदलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्यांसाठी. टेम्पोचालक, वॉचमन, धुणंभांडी करणाऱ्या बायका, फरसाणाच्या दुकानातला पोऱ्या, यांना कोण नोंदवतं?

देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही घट खरोखर मोठी आहे. तरी शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून लोकांच्या खिशातूनच जातात, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्या बाबतीत त्या खिशाचा अर्थ गंठण, शेळी, अर्धा एकर किंवा मुलीचं कॉलेज असा होतो. 2023 च्या 15 ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे उत्तमच झालं. आजाराचं खरं उत्तर सक्षम सरकारी रुग्णालय हेच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. केईएम, सायन, ससून यांच्या वऱ्हांड्यांत जमिनीवर झोपलेले नातेवाईक पाहिले की कळतं, ती रुग्णालयं किती ओझं वाहताहेत. पण ते उत्तर उभं राहीपर्यंत शेजारच्या इमारतीत, कायद्याने गरिबांच्या नावाने राखलेली खाट रिकामी राहणं हे पाप आहे. दुसरा सौम्य शब्द मला सुचत नाही.

रुग्णालयांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या न्यासाचं तीस खाटांचं रुग्णालय असतं, त्याचं बिलिंगच एवढंसं की दोन टक्क्यांत वर्षातली दोन मोठी ऑपरेशनंही निघत नाहीत. त्याच वेळी महानगरातल्या रुग्णालयाचा निधी मोठा असतो. दोघांना एकच फूटपट्टी लावणं मला बरोबर वाटत नाही. गाडीतून उतरून केशरी कार्ड पुढे करणारे लोक असतात, हेही खरं आहे आणि त्यांच्यामुळे खऱ्या गरजूंचा घास जातो. सरकारी योजनांचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, ही तक्रार तर इतक्या ठिकाणांहून ऐकली आहे की ती झटकून टाकता येणार नाही. शासनाने ती सोडवलीच पाहिजे. मात्र यातली एकही अडचण मावशींना ॲडमिशनच्या वेळी एक प्रश्न न विचारण्याचं कारण होऊ शकत नाही. प्रश्न विचारायला निधी लागत नाही.

माझी मुख्य मागणी तेवढीच आहे. विचारण्याची जबाबदारी रुग्णाकडून काढून रुग्णालयावर टाका. ॲडमिशनच्या फॉर्मवर नाव, वय, रक्तगट विचारतात, ‘विमा आहे का’ हे तर सगळ्यात आधी विचारतात. त्याच्या खालीच छापलेला प्रश्न असावा : तुमच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3,60,000 रुपयांहून कमी आहे का? असल्यास तुम्हाला या रुग्णालयात राखीव खाट आणि मोफत किंवा सवलतीचे उपचार मिळण्याचा हक्क आहे, हे आम्ही तुम्हाला सांगितलं आहे. खाली सांगणाऱ्याची सही आणि ऐकणाऱ्याची सही. मराठीत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवून. ज्या फाइलमध्ये ही सही नाही त्या फाइलमधल्या पात्र रुग्णाला योजना डिस्चार्जच्या दिवशीही लागू धरावी. एवढा एक नियम केला तर ‘आधी सांगायला हवं होतं’ हे वाक्य रुग्णालयाला उच्चारता येणार नाही, कारण आधी सांगणं हे त्यांचंच काम ठरेल.

फलकांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. नावात ‘धर्मादाय’ शब्द लावा, हेही रुग्णालयांना सांगून झालं आहे. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचा नियम 2021 पासून आहे. घाबरलेला माणूस फलक वाचत नाही. तो काउंटरमागच्या माणसाच्या तोंडाकडे बघतो. म्हणून मला तोंडाने विचारलेला प्रश्न हवा.

दुसरी एक गोष्ट सुचवावीशी वाटते, ती पैसे भरणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांसाठी. धर्मादाय रुग्णालयाच्या प्रत्येक बिलावर, अडत्याच्या पट्टीवर असायची तशी, एक ओळ छापली जावी : ‘या बिलातून निर्धन रुग्ण निधीत जमा – रुपये इतके.’ आणि रुग्णालयाच्या दारात वर्षाचा हिशेब : किती जमा झाले, किती रुग्णांवर खर्च झाले, किती शिल्लक. माझ्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं बिल मी भरलं तेव्हा त्यातले काही पैसे कुणाच्या तरी उपचाराला जाणार आहेत हे मला माहीत असतं, तर मी बाहेर पडताना नक्की विचारलं असतं की गेले का. देणाऱ्याने हिशेब मागितला की राखणदाराला तो ठेवावा लागतो. आज देणाऱ्याला आपण दिलं हेच ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला आपलं काही येणं आहे हे ठाऊक नाही. मधला एकटाच सगळं जाणतो.

तोवर आपल्याला करता येण्यासारखं एक काम आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या, सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्या, आपला गॅस आणि दूध पोचवणाऱ्या माणसांना ही योजना आजच, कुणी आजारी नसताना, सांगा. रेशनकार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला लावा. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला मदत करा, त्याची मुदत संपली की पुन्हा काढायला लावा. जवळचं कुठलं रुग्णालय धर्मादाय आहे ते त्यांना दाखवून ठेवा. दाखल होतानाच ‘मला निर्धन रुग्ण योजनेखाली घ्या’ असं लिहून द्यायचं आणि त्याची पोच मागायची, हे शिकवा. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात तक्रार द्या.

मावशींनी आता दाखला काढला आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवला आहे. गंठण अजून सराफाकडेच आहे, महिन्याचं व्याज जातं आहे.